तलवारीपुढे टिकले, ताटापुढे घसरले : पर्गमच्या मंडळीची गोष्ट

दगडवाचक

मागच्या ऑक्टोबरात इझमीरहून बस पकडून बेर्गामाला गेलो होतो. शंभरेक किलोमीटर अंतर. खाली आजचं तुर्की गाव आणि वर डोंगरावर जुनं पर्गामोन, म्हणजे मराठी बायबलातलं 'पर्गम'. रोपवेने वर गेलो आणि नाट्यगृहाच्या माथ्यावरून खाली पाहिलं तर पोटात गोळाच आला. दहा हजार माणसांची बैठक, तीही पसरलेली नाही, डोंगराच्या अंगाला उभीच्या उभी टांगलेली. थोडं खाली झेऊसच्या वेदीचा नुसता चौथरा आहे. वेदी बर्लिनला गेली, चौथऱ्यावर झाडं वाढली. त्यांच्या सावलीत एक जोडपं निवांत डबा खात बसलं होतं.

डबा पाहून मला एक पत्र आठवलं. नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात, 'प्रकटीकरणा'त, आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायांना, सात पत्रं आहेत. (हा रोमनांचा आशिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग.) काळ बहुतेक अभ्यासकांच्या मते दोमितियन बादशहाचा, साधारण इसवी सन ९५. तिसरं पत्र पर्गमला. जेमतेम सहा वचनं.

बोलणारा ख्रिस्त. पहिल्या भागात कौतुक आहे. तुम्ही राहता तिथे सैतानाचं आसन आहे, तरी तुम्ही माझं नाव सोडलं नाहीत. माझा विश्वासू साक्षी अंतिपा तुमच्यात मारला गेला तेव्हासुद्धा नाही. आणि लगेच पुढे तक्रार: तुमच्यात जुन्या करारातल्या बलामाची शिकवण धरणारे आहेत, तसेच निकलाइत नावाच्या गटाची शिकवण धरणारेही. बलामाची शिकवण काय? मूर्तीला दाखवलेला नैवेद्य खाणं आणि जारकर्म.

मला यातला क्रम चक्रावून टाकतो. डोळ्यांदेखत आपला माणूस मारला गेला तेव्हा ही मंडळी हलली नाही. मग जेवणाच्या ताटापाशी का घसरली? माझा अंदाज सांगतो. तलवार समोर आली की प्रश्न सरळ असतो, हो की नाही. ताट समोर येतं तेव्हा प्रश्नच विचारला जात नाही. शेजारी बोलावतो, धंद्यातला भागीदार बोलावतो, मुलीच्या सासरचे बोलावतात. 'तुझा देव सोड' असं कुणी म्हणत नाही. 'बस, जेव' एवढंच म्हणतात.

बायबल मी धर्मग्रंथ म्हणून वाचत नाही, शिलालेखांच्या नादाने या वाटेला लागलो. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टवाळ तात्या

वाखूसा (वाचनखूण साठवली). धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत पहिला नंबर लावून ठेवतो.

जास्वंद_२

लेख आवडला, पण एक शंका. नैवेद्याचं मटण टाळणं एवढं अवघड का होतं? देवळात जाऊ नका, घरी डाळभात खा. इतका गहजब कशासाठी?

दगडवाचक

@जास्वंद_२, देऊळ, खानावळ, खाटकाचं दुकान, कारागिरांच्या संघाची बैठक आणि लग्नाचा हॉल या आपल्याकडे वेगवेगळ्या जागा. तिथे त्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या. बळी दिला की चरबी आणि हाडं देवाच्या वाट्याला जाळायची, थोडा भाग पुजाऱ्याचा, उरलेलं यजमान आणि पाहुणे खाणार. त्यातूनही उरलं तर बाजारात विक्रीला. ग्रीसमधल्या करिंथ शहरात आस्क्लेपियोस या आरोग्यदेवाच्या देवळाला लागून जेवणाच्या तीन खोल्या सापडल्या आहेत, प्रत्येकीत ११ जण आडवे होऊन जेवतील एवढी जागा. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकसला पपायरसवरची निमंत्रणंही मिळाली आहेत. एकाचा आशय असा: खैरेमोन आपल्याला प्रभू सरापिसच्या मेजावर जेवायला बोलावत आहे, सरापिसच्या देवळात, उद्या १५ तारखेला, नवव्या तासाला. झालं निमंत्रण! यजमान खैरेमोन, पण मेज देवाचं. आता 'नको' म्हणायचं ते कुणाला?

पर्गमचाच एक शिलालेख सांगतो. तिथे देव ऑगस्टस आणि देवी रोमा यांची स्तोत्रं गाणाऱ्यांचं एक मंडळ होतं. हद्रियन बादशहाच्या काळातल्या त्यांच्या वेदीवर कोरलेलं आहे की बादशहाच्या वाढदिवसाला कुठल्या पदाधिकाऱ्याने वाइन आणायची, पाव कुणी, दिवे कुणी. श्रद्धेबद्दल त्यात फारसं काही नाही. आहे तो हिशेब.

टवाळ तात्या

म्हणजे सोसायटीच्या गणपतीची वर्गणी! 'अमुक फ्लॅटवाल्यांनी अजून दिलेली नाही' असा फळा लावत होते का तेवढं सांगा.

दगडवाचक

तात्या, नवीन सभासदाने किती भरायचे तेही कोरलेलं आहे. फळ्याचं माहीत नाही.

बर्लिनचा बाळ्या

मी बर्लिनला राहतो म्हणून वेदीबद्दल चार ओळी. कार्ल हुमान नावाचा जर्मन इंजिनियर तिकडे रस्त्यांच्या कामावर होता. गावकरी जुने संगमरवरी तुकडे चुन्याच्या भट्टीत टाकत होते, ते त्याने पाहिलं. १८७८ मध्ये रीतसर उत्खनन सुरू झालं आणि शिल्पपट्ट बर्लिनला आला. देव आणि दैत्यांची लढाई, लांबी ११३ मीटर. महायुद्धानंतर रशियन लेनिनग्राडला घेऊन गेले, पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी परत आला. वेदीचं दालन २०१४ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून सगळं म्युझियमच बंद. भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे सांगताना मलाच अपराध्यासारखं होतं.

यूट्यूबवर 'सैतानाचं सिंहासन बर्लिनमध्ये' असे व्हिडिओ ढिगाने मिळतील. हिटलरचा वास्तुविशारद आल्बर्ट श्पेअर याने न्युरेंबर्गच्या सभामंचाची कल्पना या वेदीवरून घेतली, त्यामुळे त्यांना आयताच मसाला मिळाला. पण पत्रातलं आसन म्हणजे हीच वेदी, हे कशावरून?

शास्त्रशुद्ध

बाळ्याचा प्रश्न रास्त आहे. पत्रात वेदीचा उल्लेखच नाही. पर्याय असे. एक, झेऊसची वेदी. दोन, आस्क्लेपियोसचं आरोग्यधाम. त्याचं चिन्ह साप आणि प्रकटीकरणात सैतानाला 'जुनाट साप' म्हटलं आहे. (वैद्य गॅलेन याच गावचा, जन्म इ. स. १२९. तरुणपणी इथल्या ग्लॅडिएटरांच्या जखमा शिवत असे.) तीन, ऑगस्टस आणि रोमाचं देऊळ. जिवंत बादशहासाठी असं प्रांताचं देऊळ बांधायची परवानगी इ. स. पू. २९ मध्ये मिळाली, आशिया प्रांतात पर्गमला आणि शेजारच्या बिथुनियात निकोमेदियाला. माझं मत तिसऱ्याला. अंतिपाच्या मृत्यूचा उल्लेख त्याच वाक्यात येतो, आणि ख्रिस्ती माणसाला मारण्याचा अधिकार झेऊसच्या पुजाऱ्याला नव्हता, रोमच्या अधिकाऱ्याला होता. पत्राच्या सुरुवातीला 'दुधारी तीक्ष्ण तरवार' धरणारा बोलतो, तेही उगाच नसावं.

काही पुस्तकांत पर्गमला प्रांताची राजधानी म्हणतात, ते जपून घ्यावं. अत्तालस घराण्याची राजधानी ती नक्कीच होती. शेवटच्या अत्तालसने इ. स. पू. १३३ मध्ये मरताना सगळं राज्य मृत्युपत्राने रोमला देऊन टाकलं. रोमन काळात राज्यपालाचं मुख्य ठाणं इफिसला होतं असं बहुतेकांना वाटतं.

आता मुख्य मुद्दा, भाषेचा. मराठीत 'मूर्तीला दाखवलेला नैवेद्य' असं भाषांतर आहे. मूळ ग्रीक शब्द एइडोलोथुतोन. तो यहुदी आणि ख्रिस्ती लोकांच्या तोंडचा, थेट हिणवणारा शब्द आहे. पूजा करणारा ग्रीक माणूस स्वतः म्हणे हिएरोथुतोन, म्हणजे देवाला वाहिलेलं, पवित्र. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात हा फरक नेमका पाळला आहे. स्वतः बोलतो तेव्हा पहिला शब्द. पण 'तुम्हाला कोणी सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे' हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालतो तेव्हा दुसरा. मराठीत दोन्हीकडे नैवेद्य म्हटलं की ही टोचणी बोथट होते. नैवेद्य हा आपल्या कानाला मुळातच सोवळा शब्द. ग्रीक वाचकाला जिथे शिवी ऐकू यायची, तिथे मराठी वाचकाला केळीचं पान दिसतं.

जास्वंद_२

शास्त्रशुद्ध, शेवटच्या वाक्याला दंडवत.

द्राक्षवेल

मी विश्वासणारी आहे, त्यामुळे इथे थोडी वेगळी बोलेन. हे पत्र आमच्याकडे उपदेशात नेहमी येतं. दगडवाचक यांनी लिहिलेला 'तलवार आणि ताट' हा फरक मला पटला. पण त्यांच्या बोलण्यात 'बिचारे काय करणार' असा सूर आहे, तो पटला नाही. बलामाची गोष्ट जुन्या करारातल्या गणनाच्या पुस्तकात २२ व्या अध्यायापासून वाचा. मवाबाचा राजा बालाक इस्राएलाला शाप द्यायला बलामाला पैसे देऊन बोलावतो. शाप काही निघत नाही, निघतो तो आशीर्वाद. मग २५ व्या अध्यायात मवाबी बायका इस्राएली पुरुषांना आपल्या देवांच्या यज्ञाचं जेवायला बोलावतात, आणि शापाने झालं नाही ते पंगतीने होतं. ही युक्ती बलामाची होती हे ३१ व्या अध्यायात कळतं. म्हणजे पत्र लिहिणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं की आमंत्रण हेच शस्त्र आहे. घसरणाऱ्याला घसरतोय हे कळत नाही म्हणूनच तर पत्र लिहावं लागलं.

दगडवाचक

द्राक्षवेल, हा दुवा माझ्याकडून निसटला होता. आभार. शापाने झालं नाही ते पंगतीने, हे माझ्या शीर्षकापेक्षा चांगलं आहे.

टवाळ तात्या

त्या गोष्टीत गाढवी बोलते ना? मालकापेक्षा तिलाच जास्त कळतं. ऑफिसात माझी अवस्था हीच.

रोखठोक९

हे सगळं इथे कशाला? मराठी संकेतस्थळावर तुर्कस्तानातली चर्चं आणि त्यांचं मटण. शिवाय 'मूर्तिपूजा' हा शब्द हिणकस अर्थाने वापरून छुपा प्रचार चाललाय हे न कळायला वाचक दुधखुळे नाहीत.

संपादक मंडळ

धागा पहिल्या शतकातल्या रोमन साम्राज्याबद्दल आहे आणि तिथेच राहील. आजच्या धर्मांच्या तुलनेचे तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. इनो स्वतःच्या खर्चाने घ्यावा.

जास्वंद_२

रोखठोक यांच्या त्राग्यात एक प्रश्न दडलाय, तो मी नीट शब्दांत विचारते. आपल्याला ऐकू येते ती एकच बाजू. निकलाइत स्वतः काय म्हणत होते? त्यांचं एखादं वाक्य तरी शिल्लक आहे का?

शास्त्रशुद्ध

नाही. एकही नाही. नाव दोनदा येतं, इफिसच्या पत्रात आणि पर्गमच्या. इ. स. १८० च्या सुमारास इरेनियस हा ख्रिस्ती लेखक लिहितो की हे लोक अंत्युखियाच्या निकलावाचे अनुयायी, म्हणजे प्रेषितांनी निवडलेल्या सात सेवकांपैकी एकाचे. पुढे अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट निकलावाची बाजू घेतो: माणूस सज्जन होता, त्याच्या शब्दांचा अनुयायांनी विपर्यास केला. शंभर वर्षांनंतरची ही ऐकीव माहिती. 'निकोलाओस' म्हणजे लोकांना जिंकणारा आणि बलाम या नावाचीही ओढूनताणून तशीच फोड होते, म्हणून हे एकाच गटाला दिलेलं टोपणनाव असावं असंही काहीजण म्हणतात. सातांपैकीच थुवतीरा या गावच्या पत्रात हीच तक्रार एका बाईवर आहे. ती स्वतःला संदेष्ट्री म्हणवायची. पत्र तिला 'ईजबेल' (जुन्या करारातली बदनाम राणी) म्हणतं, पण ते तिचं खरं नाव असेल असं कुणालाच वाटत नाही. ज्याच्याशी भांडायचं त्याचं नावसुद्धा पुसून टाकलेलं आहे.

जास्वंद_२

तेच म्हणत होते. मग त्यांची बाजू मीच मांडते, चालेल? मी थुवतीराची तांबट आहे असं समजा. त्या गावात रंगारी, तांबट, कुंभार, चांभार, भटारी अशा सगळ्यांचे संघ होते, त्यांचे शिलालेख सापडले आहेत (आत्ताच वाचलं). संघाच्या जेवणाला गेले नाही तर काम कोण देणार? मी मनातल्या मनात म्हणते, मूर्ती म्हणजे दगड, देव एकच, मांस म्हणजे मांस. खाल्लं म्हणून काय बिघडलं? आणि गंमत म्हणजे 'मूर्ती जगात काहीच नाही' हे वाक्य पौलाच्याच पत्रात आहे!

द्राक्षवेल

आहे, पण त्याच्या पुढे काय आहे? पौल म्हणतो, ठीक आहे, तुम्हाला ज्ञान आहे. पण ज्याला ते नाही असा तुमचा भाऊ तुम्हाला देवळात जेवताना पाहील आणि त्याचा विवेक डळमळेल. माझ्या खाण्याने भाऊ अडखळणार असेल तर मी कधीच मांस खाणार नाही. आणि दहाव्या अध्यायात तर सरळ आहे, प्रभूच्या मेजावर आणि भुतांच्या मेजावर दोन्हीकडे बसता येत नाही.

दगडवाचक

आणि त्यानंतर चारच वचनांनी तोच पौल म्हणतो, बाजारात विकायला असेल ते विवेकापायी चौकशी न करता खा. कुणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढतील ते चौकशी न करता खा. फक्त कुणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर खाऊ नका. माझ्या वाचनात इतका व्यवहारी नियम दुसरा नाही. बाजारात विचारू नका, सांगितलं तर थांबा, देवळाच्या पंगतीत बसूच नका. इ. स. ५३ ते ५५ च्या आसपासचं हे पत्र. चाळीसेक वर्षांनी प्रकटीकरणात बाजार आणि घर असा भेदच उरत नाही, सरसकट 'नैवेद्य खाणं' एवढंच. द्राक्षवेल म्हणतील विरोध नाही. मला वाटतं मधल्या काळात गल्ली अरुंद झाली होती.

करिंथबद्दल आणखी एक. तिथे 'आम्हाला ज्ञान आहे' म्हणणारे बहुधा जरा बऱ्या स्थितीतले होते. गरिबाच्या पोटात रोज बार्लीचं किंवा गव्हाचं काहीतरी, मांस सणावाराला आणि तेही वाटप झालं तर. त्याच्यासाठी मांसाचा वासच देवाच्या उत्सवाचा. श्रीमंताला ते नुसतं जेवण वाटू शकतं, गरिबाला कसं वाटेल? असं गेर्ड थाइसन या जर्मन अभ्यासकाने मांडलं. त्यावर आक्षेप आहेत, तरी मला ते बरंचसं पटतं.

उत्तनची पोरगी

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज राहवलं नाही. जास्वंदच्या तांबटणीला तेर्तुलियन भेटायला हवा होता! कार्थेजचा ख्रिस्ती लेखक, इ. स. २०० च्या आसपासचा. मूर्तिपूजेवर एक अख्खी पुस्तिका लिहिली आहे त्याने आणि त्यात एकेक धंदा घेऊन सोलतो. मूर्ती घडवणारा, देवळाला सोन्याचा मुलामा देणारा, ज्योतिषी, शाळामास्तर (कारण देवांच्या गोष्टी शिकवाव्या लागतात आणि मिनर्व्हाच्या सणाला फी मिळते), आणि ऊद-धूप विकणारा. म्हणे मूर्तीशिवाय पूजा एकवेळ होईल, धुपाशिवाय होणार नाही, मग धूपवाल्याचा हात किती मोठा? मूर्ती घडवणारे मंडळीत सेवकपदापर्यंत पोचल्याची तक्रारही आहे. 'पोट भरायला दुसरं काही नाही' म्हणणाऱ्याला तो उलट विचारतो, जगायलाच हवं का तुला? वाचून अंगावर काटा आला.

पण हाच कडक माणूस लग्न-बारशाला जायला परवानगी देतो. आमंत्रण माणसासाठी असेल तर जा, यज्ञासाठी असेल तर नको. माझ्या आईने हे वाचलं असतं तर म्हणाली असती, एवढं लिहून शेवटी आला ना लग्नाच्या जेवणाला!

टवाळ तात्या

लग्नाच्या जेवणापुढे भल्याभल्यांचं काही चालत नाही.

शास्त्रशुद्ध

वाद किती लांबला ते पाहा. 'दिदाखे' या जुन्या मार्गदर्शिकेत खाण्याबद्दल म्हटलंय, झेपेल तेवढं पाळा, पण मूर्तीच्या नैवेद्यापासून कटाक्षाने दूर राहा. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन या ख्रिस्ती लेखकाच्या संवादात त्रुफो हा यहुदी टोला मारतो, तुमच्यातले कितीतरी जण नैवेद्याचं खातात आणि काही होत नाही म्हणतात. जस्टिन म्हणतो ते आमचे नव्हेत. म्हणजे पर्गमचं पत्र जाऊन पन्नास-साठ वर्षं झाली तरी खाणारे होतेच. लुसियन हा ग्रीक विनोदी लेखक तर पेरेग्रिनस नावाच्या भोंदूबद्दल लिहितो की ख्रिस्ती लोकांनी त्याला हाकललं, बहुधा त्यांना वर्ज्य असलेलं काही खाताना तो दिसला असावा. ही गोष्ट बाहेरच्यांनाही माहीत होती!

दगडवाचक

बाहेरच्यांच्या बाजूने सगळ्यात चांगला साक्षीदार धाकटा प्लिनी. इ. स. ११२ च्या सुमारास तो बिथुनिया-पोंतचा राज्यपाल होता, म्हणजे पर्गमच्या वरच्या अंगाला. बादशहा त्रायानला विचारतो, या ख्रिस्ती लोकांचं काय करू? कसोटी त्याने लावलीच होती. देवांचं नाव घ्या, बादशहाच्या मूर्तीपुढे धूप आणि वाइन वाहा, ख्रिस्ताला शाप द्या. करतील ते सुटले. तीनदा विचारूनही नाही म्हणतील त्यांना शिक्षेला पाठवलं. रोमन नागरिक असतील तर रोमला.

शेवटी प्लिनी समाधानाने कळवतो की ओस पडलेली देवळं पुन्हा गजबजू लागली आहेत, आणि बळीचं मांस सगळीकडे विकलं जातंय, ज्याला आतापर्यंत गिऱ्हाईकच मिळत नव्हतं. राज्यपालाला मांसाच्या खपाची काळजी! मग कागाळ्या घेऊन त्याच्याकडे कोण येत असेल? निनावी यादीही आली होती. त्यावर त्रायानचं उत्तर: यांना शोधत फिरू नका, सिद्ध झालं तर शिक्षा करा, आणि निनावी तक्रारी घेऊ नका, आपल्या काळाला ते शोभत नाही. मटणवाल्यांनी यादी दिली असा पुरावा नाही हे आधीच सांगतो, नाहीतर शास्त्रशुद्ध धरतील.

शास्त्रशुद्ध

धरणारच होतो.

जास्वंद_२

बरं, आणि ते 'जारकर्म'? त्यावर सगळे गुळणी धरून बसलेत.

शास्त्रशुद्ध

दोन मतं आहेत. होशेयापासून संदेष्टे परक्या देवांच्या मागे लागण्याला व्यभिचार म्हणत आले, तेव्हा इथेही रूपक असेल. दुसरं मत, शब्दशः घ्या. मेजवानीत जेवणानंतर प्यायची बैठक आणि करमणुकीला बायका, हे श्रीमंत ग्रीक घरांत नवं नव्हतं. पौलाच्या त्याच दहाव्या अध्यायात खाणं-पिणं आणि जारकर्म एका श्वासात येतात, तिथेही बलामाचीच गोष्ट आहे. (गणनामध्ये त्या प्रसंगानंतर आलेल्या मरीत २४,००० मेले, पौल २३,००० म्हणतो. यावर पानंच्या पानं खर्ची पडली आहेत.) माझ्या मते पर्गमला प्रामुख्याने रूपक. पण ठामपणे नाही.

द्राक्षवेल

मला दोन्ही वाटतं. एक सैल झालं की दुसरं सैल व्हायला वेळ लागत नाही.

सीनाकाठ

नगरकडचा आहे. आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, अमेरिकन मिशनच्या काळात. तेव्हा गावजत्रेची कामं वाटून दिलेली असायची. वाजवणं, वर्दी देणं, बोकडाच्या बळीला हात लावणं. काम केलं की मानाचा वाटा घरी यायचा. ख्रिस्ती झाल्यावर पणजोबांनी ते काम सोडलं आणि त्याबरोबर वर्षाचं बलुतंही गेलं. मिशनच्या शाळेत शिपाई म्हणून लागले म्हणून निभावलं. त्यामुळे जास्वंदची तांबटीण मला पुस्तकातली वाटत नाही. आमच्या घरात हे 'मटण खावं की नाही' असं कधी आलंच नाही, 'काम सोडावं की नाही' असं आलं. आणि काम सोडल्यावर एक सुटकाही होती, ती निराळी. ते काम जातीने गळ्यात पडलेलं होतं, हौसेने कुणी घेतलेलं नव्हतं. पर्गमच्या मंडळीत असे कोणी असतील का, ज्यांना पंगतीतून उठणं बरंच वाटलं असेल? गुलाम वगैरे?

आजोबांच्या वेळी जत्रेदिवशी शेजारून ताट यायचं हे मला ऐकून माहीत आहे. त्याचं काय व्हायचं ते आठवत नाही. आत्याला फोन करून सांगतो.

दगडवाचक

@सीनाकाठ, तुमच्या प्रश्नाने माझ्या लेखाची एक बाजू उघडी पडली. मी 'आमंत्रण' म्हणालो तेव्हा डोळ्यांसमोर मेजावर आडवा होणारा माणूस होता. वाढणारा, भांडी घासणारा, बळीचं जनावर ओढत आणणारा मी पाहिलाच नाही. गुलामाला कुणी 'बस, जेव' म्हणत नव्हतं. मालकाने देवापुढे दिवा लाव म्हटलं की लावायचा. या पत्रात त्याच्याबद्दल चकार शब्द नाही.

बर्लिनचा बाळ्या

पत्राच्या शेवटी पांढऱ्या खड्याचं काहीतरी आहे ना? ते काय प्रकरण?

शास्त्रशुद्ध

'जो विजय मिळवतो त्याला गुप्त मान्ना देईन, आणि पांढरा खडा देईन, त्यावर नवं नाव कोरलेलं असेल, ते घेणाऱ्याशिवाय कुणाला कळणार नाही' असा आशय आहे. खड्याचे अर्थ अनेक लावतात. न्यायसभेत निर्दोष ठरवायला टाकलेला पांढरा खडा, ताईत, किंवा मेजवानीत प्रवेशाचं चिन्ह. खात्री कशाचीच नाही.

दगडवाचक

माझं मत प्रवेशाच्या चिन्हाला, पुरावा तोकडा असला तरी. कारण त्याच्या शेजारी मान्ना आहे. मान्ना म्हणजे रानात इस्राएलाला आकाशातून मिळालेलं अन्न. खाण्यावरून खरडपट्टी काढली आणि बक्षीस म्हणूनही खाणंच कबूल केलं! या पंगतीतून उठलात तर दुसऱ्या पंगतीचं पान मांडून ठेवलंय. लिहिणाऱ्याला आपला वाचक कुठे अडलाय ते पक्कं माहीत होतं, भूक आणि बोलावणं. नाव कोरायचंच होतं, तर संघाच्या शिलालेखावर नाही, मुठीत मावेल एवढ्या दगडावर.

आमच्यासारख्या दगडवाल्यांना तो खडा कुठल्याच उत्खननात सापडायचा नाही, हे दुःख वेगळं.

उत्तनची पोरगी

हे मस्त आहे. आणि पुढे पर्गमच्या मंडळीचं काय झालं?

दगडवाचक

टिकली. कार्पस, पापुलस आणि अगाथोनिकी या तिघांच्या पर्गममधल्या हौतात्म्याची जुनी नोंद आहे, काळ दुसरं शतक की तिसरं यावर वाद. खाली गावात लाल विटांचं एक प्रचंड देऊळ आहे, इजिप्तच्या देवांचं, 'किझिल आवलू' म्हणतात. त्याच्या पोटाखालून नदी वाहते. पुढे त्या देवळाच्या आतच चर्च बांधलं. बाजूच्या गोल बुरुजात आता मशीद आहे. मी गेलो तेव्हा दुपारची अजान चालू होती आणि समोर एक माणूस कोळशावर मांस भाजत होता. काय होतं ते चौकशी न करता खाल्लं.

टवाळ तात्या

पौलाचा खरा शिष्य!

सीनाकाठ

आत्याशी बोललो. ८१ वर्षांची आहे, आठवण लख्ख. म्हणाली, जत्रेचं ताट शेजारच्या काकी स्वतः घेऊन यायच्या. आजोबा घरात असले की आजी दारातच म्हणायची, 'ठिव बाई, मागून बघते', आणि ताट झाकून परसात ठेवायची. आजोबा मंडळीचे वडील (म्हणजे चर्चमधले ज्येष्ठ पुढारी) होते, त्यांनी विचारलं असतं तर खोटं बोलता आलं नसतं. पण ते विचारायचे नाहीत. मुलं परसात काय करतात ते बघायलाही जायचे नाहीत. आत्या म्हणते, 'रिकामं ताट द्यायचं नसतं म्हणून आजी त्यात गूळ घालून परत पाठवायची.'

आजोबांना ठाऊक होतं का, असं विचारलं. आत्या हसली आणि म्हणाली, 'वास काय भिंतीअलीकडं थांबतो व्हय?'

जास्वंद_२

तुमच्या आत्याला माझा नमस्कार सांगा. निकलाइतांची बाजू मांडायला मला साक्षीदार मिळाली.

द्राक्षवेल

माझाही सांगा. आणि आजोबांनाही, ते कुठल्या बाजूला धरायचे ते मात्र मला अजून ठरवता येत नाही.